प्रादेशिक सेनेतल्या बढतीची तारीख चुकली असेल तर

प्रश्न थोडक्यात असा आला आहे: "मी अंबाजोगाईला महाविद्यालयात शिकवतो आणि प्रादेशिक सेनेत अधिकारी आहे. १४ जुलै २०१७ ला कमिशन मिळालं. कॅप्टनचा हुद्दा १४ जुलै २०१९ पासून लागायला हवा होता, तो १४ जुलै २०२० पासून लागला. युनिटने कारण दिलं की २०१८ च्या वार्षिक शिबिरात माझे साठ दिवस भरत नाहीत, तीन कमी पडतात, म्हणून ते वर्ष हिशेबात धरलं नाही. मी ५ मे ला हजर झालो होतो, रेकॉर्डला ८ मे दिसते. तेव्हा तोंडी विचारलं, 'होऊन जाईल' असं सांगितलं गेलं. आता मेजरच्या आदेशातही तेच एक वर्ष मागे पडलं आहे. आदेश हाती येऊन चार महिने झाले. अमेरिकेतल्या राखीव दलातल्या अधिकाऱ्यांची प्रकरणं वाचली, तिथे एक मंडळ अशी तारीख दुरुस्त करतं. आपल्याकडे अपील कुठे करायचं? की आता वेळ गेली?"

मेजरसाहेब, वेळ गेलेली नाही. पण तुमच्या दोन्ही तारखा एका पारड्यात बसत नाहीत. मेजरची तारीख ताजी आहे, तिच्यावर आजही ताठ मानेने बोलता येतं. कॅप्टनची तारीख जुनी झाली आहे, आणि तिच्याबद्दल पहिला प्रश्न येणार तो "इतकी वर्षं गप्प का होतात?" हाच. तरी दोन्ही तारखा लोंबकळतात त्या एकाच खुंटीला: तुम्ही ५ मे २०१८ ला हजर झालात की ८ मे ला. म्हणून अन्याय, मानहानी, निष्ठेने केलेली सेवा याबद्दल तुम्ही चार पानं लिहिणार असाल तर ती चारही बाजूला ठेवा. ते सगळं खरं आहे, मला त्याची जाण आहे. पण तुमचा अर्ज वाचणारा माणूस एकच गोष्ट शोधणार आहे: त्या तीन दिवसांचा, त्याच काळात तयार झालेला कागद.

अमेरिकेचं आधी मिटवतो, कारण ते वाचून बरेच जण भलत्या अपेक्षेने येतात. तिकडे १९४६ च्या एका कायद्यातून लष्करी नोंदी दुरुस्त करणारी मंडळं उभी राहिली. नोंदीत चूक किंवा अन्याय दिसला तर ती मंडळं नोंद बदलायला सांगतात. चूक लक्षात आल्यापासून तीन वर्षांत अर्ज करायचा असतो, आणि न्यायासाठी गरज वाटली तर मंडळ ती मुदत माफही करतं. आपल्याकडे असं वेगळं मंडळ नाही. आपली वाट युनिटपासून सुरू होते, केंद्र सरकारपर्यंत जाते आणि तिथे दाद मिळाली नाही तर सशस्त्र दल न्यायाधिकरणात, म्हणजे आपण ज्याला एएफटी म्हणतो तिथे पोहोचते. मधली पायरी गाळून थेट वर गेलात तर खाली पाठवतात, आणि त्यात महिने जातात.

आता तुमच्या तीन दिवसांकडे येऊ. इथे थोडं सविस्तर लिहितो, कारण प्रकरण जिंकायचं ते इथेच.

प्रादेशिक सेना १९४८ च्या कायद्याने उभी राहिली, ९ ऑक्टोबर १९४९ ला राजगोपालाचारींच्या हस्ते तिचं उद्घाटन झालं. कल्पना अशी की माणसाने आपला नोकरी-धंदा सांभाळावा आणि वर्षातून ठरलेला काळ गणवेशात यावं. छत्रपती संभाजीनगरच्या १३६ पर्यावरण बटालियनमुळे आपल्या भागातल्या लोकांना ही सेना निदान झाडं लावताना तरी दिसते. पण तिथला अधिकारी दहा महिने कॉलेजात, बँकेत किंवा शेतात असतो, हे पुष्कळांना ठाऊक नसतं. कागदाचा घोळ याच रचनेतून होतो. नियमित सैन्यातला अधिकारी रोज युनिटात असतो. त्याच्या नावाची पार्ट टू ऑर्डर, म्हणजे हजेरी, रजा, बढती अशा सेवेतल्या नोंदींचा युनिटचा अधिकृत आदेश, चुकली तर महिन्याभरात पगाराच्या चिठ्ठीवर दिसते आणि तो हेडक्लार्ककडे जाऊन उभा राहतो. तुम्ही शिबिर संपलं की परळीला उतरता, अंबाजोगाईची एसटी धरता आणि दुसऱ्या दिवशी वर्गावर असता. ऑर्डर त्यानंतर निघते. पुढच्या शिबिरापर्यंत क्लार्क बदललेला असतो, ॲडज्युटंट, म्हणजे युनिटचं कार्यालयीन काम पाहणारा अधिकारी, बदललेला असतो, कधी अख्खं युनिट दुसऱ्या राज्यात गेलेलं असतं. हाताने लिहिलेला ५ घाईत ८ वाचला जाणं ही मी पाहिलेल्या चुकांमधली सर्वांत साधी चूक आहे, आणि तुमच्या बाबतीत तेच झालं असावं असा माझा अंदाज आहे. ५ मे पासून शिबिर संपेपर्यंत, म्हणजे ३ जुलैपर्यंत, मोजा: मे चे २७, जूनचे ३०, जुलैचे ३, बरोबर ६०. ८ मे पासून मोजा: ५७. एका आकड्याने तुमचं एक वर्ष खाल्लं.

काही वर्षांपूर्वी हिंगोलीकडचे एक अधिकारी माझ्याकडे आले होते. हातात पत्र्याची काळी ट्रंक, वर पांढऱ्या रंगात नाव आणि जुना नंबर. आत बियाण्यांच्या दुकानाच्या प्लॅस्टिक पिशवीत सगळे कागद कोंबलेले. त्यांचेही चार दिवस गहाळ होते. मूव्हमेंट ऑर्डर नव्हती, हजर झाल्याचा रिपोर्ट नव्हता. दोन तास एकेक कागद उलगडत बसलो. शेवटी तळाशी मेसचं बिल सापडलं. पिवळं पडलेलं, एका कोपऱ्याला तेलाचा डाग, खाली मेस हवालदाराची वळणदार सही. त्यावर फेब्रुवारी महिन्याचे जेवणाचे दिवस लिहिले होते: २३. रेकॉर्ड १९ म्हणत होतं. ज्या माणसाने २३ दिवस मेसमध्ये जेवून त्याचे पैसे भरले, तो १९ दिवस हजर होता असं कोण म्हणणार? त्या बिलाची साक्षांकित प्रत आणि एक पानी अर्ज सीओंकडे, म्हणजे युनिटच्या कमांडिंग ऑफिसरकडे, गेला. सात आठवड्यांत दुरुस्तीची पार्ट टू ऑर्डर निघाली. कोर्ट नाही, कचेरी नाही. ते गृहस्थ नंतर पेढे घेऊन आले, तेव्हा मी त्यांना म्हटलं, पेढे राहू द्या, ते बिल आधी लॅमिनेट करून घ्या.

तुम्हीही असंच शोधा, आणि फक्त लष्करी कागदांतच नको. तुमच्या महाविद्यालयाने शिबिरासाठी रजा किंवा कर्तव्यकाळ मंजूर केल्याचा आदेश असेल. मे महिन्यात परीक्षांचं काम असतं, तेव्हा कार्यमुक्त झाल्याची नोंद विभागात नक्की असेल. ४ मे ला कार्यमुक्त झालेला माणूस ८ मे पर्यंत कुठे होता, याचं उत्तर युनिटला द्यावं लागेल. रेल्वेचं वॉरंट किंवा तिकीट, प्रवासभत्त्याचं बिल, फायरिंगच्या दिवसाची नोंद, वैद्यकीय तपासणीचा कागद, शिबिराच्या पहिल्या आठवड्यातला एखादा ड्यूटी रोस्टर, जे मिळेल ते. तुमच्या वार्षिक गोपनीय अहवालात 'अहवालाचा कालावधी' असा रकाना असतो. त्यात ५ मे असेल तर तो कागद सोन्यासारखा आहे, कारण तो तुमच्या वरिष्ठांच्या सहीचा आहे. फोटोंचं मी फारसं धरत नाही. मोबाइलमधला फोटो पूरक म्हणून जोडा, पण त्याच्यावर उभं राहू नका.

सगळ्यांत आधी मात्र मे २०१८ ची पगाराची चिठ्ठी काढा. अधिकाऱ्यांचं वेतन पुण्याच्या पीसीडीए ऑफिसर्स या संरक्षण लेखा कार्यालयाकडून होतं, तिथल्या नोंदी टिकून असतात. त्या महिन्यात तुम्हाला २७ दिवसांचं वेतन मिळालं असेल तर तुमचं अर्धं काम झालं. सरकारने तुम्ही ५ मे पासून हजर होता हे पैसे देऊन मान्य केलेलं आहे. पण २४ दिवसांचंच मिळालं असेल तर उलटा प्रश्न येईल: "पैसे कमी आले तेव्हा का बोलला नाहीत?" तुम्ही तेव्हा ५६,१०० च्या मूळ वेतनावर असाल तर तीन दिवसांचे मूळ वेतनाचेच सुमारे ५,४३० रुपये होतात, शिवाय भत्ते. ही रक्कम लक्षात येण्याजोगी आहे. तसं झालं असेल तर लपवू नका. अर्जातच लिहा की चिठ्ठी पुढच्या शिबिरात हाती आली, तेव्हा मी विचारलं, अमुक उत्तर मिळालं. समोरच्याने काढून दाखवण्यापेक्षा आपण सांगितलेलं केव्हाही बरं.

जे कागद तुमच्याकडे नाहीत त्यांच्यासाठी माहिती अधिकार कायदा, २००५ आहे. उत्तराची मुदत ३० दिवस. तुमच्या स्वतःच्या सेवेची नोंद मागताना अर्ज भोंगळ लिहू नका. "माझ्या बढतीची सर्व कागदपत्रं द्या" असं लिहिलं की उत्तर टाळायला जागा मिळते. "२०१८ च्या वार्षिक शिबिराबाबत माझ्या नावे निघालेल्या पार्ट टू ऑर्डरींच्या प्रती, हजर झाल्याच्या रिपोर्टची प्रत, आणि माझी कॅप्टनपदाची बढती ज्या टिपणावर ठरली त्या टिपणाची प्रत" असं नेमकं मागा. टिपणाची प्रत मिळाली तर त्यात कारण लिहिलेलं सापडतं. तोंडी सांगितलेलं कारण आणि फाइलीतलं कारण वेगळं निघालेलं मी एकापेक्षा जास्त वेळा पाहिलं आहे. तुमच्या फाइलीत शिबिराऐवजी वैद्यकीय श्रेणी किंवा एखादा राहिलेला अहवाल निघाला, तर सगळा अर्जच वेगळा लिहावा लागेल. म्हणून आधी फाइल, मग अर्ज.

मागायचं नेमकं काय, यावरही बोललं पाहिजे, कारण "माझी बढतीची तारीख बदला" ही मागणी अपुरी आहे. एका बढतीत तीन तारखा असतात. हुद्दा प्रत्यक्ष लावल्याची एक, त्या हुद्द्यातली ज्येष्ठता जिथून धरली जाते ती दुसरी, आणि वेतन जिथून लागू झालं ती तिसरी. बहुतेक वेळा तिन्ही सारख्याच असतात म्हणून आपल्याला फरक जाणवत नाही. दुरुस्तीच्या वेळी मात्र त्या सुट्या होतात. भारताच्या राजपत्रात भाग १, विभाग ४ मध्ये संरक्षण मंत्रालयाच्या नेमणुका आणि बढत्यांच्या अधिसूचना येतात. तिथे तुमच्या नावासमोर काय छापलं आहे ते पाहा आणि त्या अधिसूचनेचा क्रमांक अर्जात घ्या. राजपत्रातली नोंद तशीच राहिली आणि युनिटात दुरुस्ती झाली, तर पुढच्या हुद्द्याला पुन्हा तोच घोळ होतो.

ज्येष्ठता मागे नेऊन मिळाली, पण मागचं वेतन नाही, असे निकाल पुष्कळ आहेत. "काम नाही तर दाम नाही" हे तत्त्व पुढे येतं. त्यावर सर्वोच्च न्यायालयाने १९९१ च्या जानकीरामन प्रकरणात सांगितलेलं लक्षात ठेवा: कर्मचारी काम करायला तयार होता आणि दोष त्याचा नसताना त्याला दूर ठेवलं गेलं, तर हे तत्त्व सरसकट लावता येत नाही. पण खरं सांगू का, तुमच्या प्रकरणात मी या मुद्द्यावर फार भांडणार नाही. प्रादेशिक सेनेतल्या अधिकाऱ्याला वेतन मिळतं ते प्रशिक्षणावर किंवा बोलावणीवर, म्हणजे प्रत्यक्ष सेवेसाठी बोलावलेलं, असताना. सातव्या वेतन आयोगाच्या तक्त्यात लेफ्टनंटचा पहिला आकडा ५६,१०० आणि कॅप्टनचा ६१,३००. फरक महिन्याला ५,२००, आणि लष्करी सेवा वेतन दोन्ही हुद्द्यांना सारखंच, १५,५००. मधल्या वर्षात तुमचं एकच दोन महिन्यांचं शिबिर झालं असेल तर मूळ वेतनातला फरक दहा-साडेदहा हजारांच्या आसपास, वर महागाई भत्ता. त्या रकमेसाठी अख्खी ज्येष्ठता पणाला लावू नये. त्या वर्षात तुमचं युनिट बोलावणीवर असेल आणि तुम्ही पूर्ण वर्ष गणवेशात काढलं असेल तर गोष्ट वेगळी, तेव्हा पैसेही पूर्ण मागा.

तुमचं खरं नुकसान पुढे आहे. प्रादेशिक सेनेत लेफ्टनंट कर्नलपर्यंतची बढती कालबद्ध आहे, अटी पूर्ण केल्या की मिळते. कर्नल आणि ब्रिगेडिअर निवडीने. पुढे निवडीची वेळ येते तेव्हा आज गमावलेलं एक वर्ष वय आणि ज्येष्ठता दोन्ही बाजूंनी आड येतं. निवृत्तिवेतनासाठी अधिकाऱ्याला प्रत्यक्ष गणवेशातली २० वर्षं लागतात, ती फार थोड्यांची भरतात. पण ज्यांची भरतात त्यांना शेवटचा हुद्दा कोणता होता याने फरक पडतो.

बढती कालबद्ध असणं हीच तुमच्या प्रकरणातली मोठी जमेची बाजू आहे. जागा रिकामी असेल तर मिळणारी किंवा निवडीने मिळणारी बढती मागे नेणं फार अवघड. न्यायालयांचं ठरलेलं म्हणणं आहे की बढती मिळणं हा हक्क नाही, विचार केला जाणं हा हक्क आहे, आणि जागा कधी रिकामी झाली यावरून बढतीची तारीख मागे जात नाही. १९८९ च्या वडेरा प्रकरणात हेच सांगितलं आहे. सरकारी बाजू तो निकाल तुमच्यावरही टाकून पाहील. तेव्हा शांतपणे सांगायचं की इथे जागेचा प्रश्न नाही, निवडीचा नाही, कुणाशी तुलना नाही. अट पूर्ण झाली की हुद्दा लागतो, आणि अट पूर्ण झाल्याचे कागद हे आहेत.

आता वाट कशी चालायची ते. सुरुवात सीओंकडे रीतसर अर्जाने. सैन्य कायदा, १९५० चं कलम २७ अधिकाऱ्यांच्या तक्रारीचं आहे. त्याची रचनाच अशी आहे की आपल्या कमांडिंग ऑफिसरकडे रीतसर अर्ज करूनही दाद मिळाली नाही, तर अधिकारी केंद्र सरकारकडे तक्रार करू शकतो. म्हणजे सीओंकडचा अर्ज ही औपचारिकता नाही, पुढच्या दाराची किल्ली आहे. त्या अर्जात तक्रारीचा सूर आणू नका. एक पान पुरे: अमुक तारखेला हजर झालो, पार्ट टू ऑर्डर क्रमांक अमुक मध्ये तमुक तारीख आहे, पुरावे जोडले आहेत, दुरुस्तीची ऑर्डर काढावी आणि त्यानुसार दोन्ही बढत्यांच्या तारखांसाठी प्रकरण वर पाठवावं. आजच्या सीओंनी २०१८ ची चूक केलेली नाही. त्यांना चूक दुरुस्त करणारा माणूस होऊ द्या. माझ्या पाहण्यात निम्म्याहून जास्त हजेरीची प्रकरणं या पानावरच संपली आहेत.

इथे प्रादेशिक सेनेपुरता एक खाचखळगा आहे, तो नियमित सैन्यातल्या मित्राला विचारून कळणार नाही. सैन्य कायद्याच्या कलम २ प्रमाणे प्रादेशिक सेनेतला अधिकारी 'अधिकारी म्हणून ड्यूटीवर असताना' त्या कायद्याखाली येतो. मग अंबाजोगाईच्या घरून पोस्टाने पाठवलेली तक्रार कलम २७ ची मानायची की नाही, असा फाटा फोडायला जागा मिळते. हा फाटा फुटूच देऊ नका. पुढच्या शिबिराला हजर झालात की पहिल्या आठवड्यातच अर्ज स्वतः नेऊन द्या आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या, तारीख आणि शिक्क्यासकट. शिबिर लांब असेल तर तोवर थांबू नका. आज स्पीड पोस्टाने, पोचपावतीसह पाठवा आणि शिबिरात पुन्हा त्याच अर्जाचा हवाला देऊन प्रत्यक्ष द्या.

सीओंकडून नकार आला किंवा उत्तरच नाही, तर स्टॅट्युटरी कंप्लेंट, म्हणजे कलम २७ खालची केंद्र सरकारकडची तक्रार. सैन्य विनियम, १९८७ चा परिच्छेद ३६४ तिची पद्धत सांगतो. ती युनिटमार्फतच जाते, प्रत्येक पातळीवर शेरा पडतो. ही तक्रार लिहिताना उद्याचा न्यायाधीश डोळ्यांसमोर ठेवा, कारण पुढे एएफटीत तुम्ही जे मांडाल ते इथे मांडलेलं असलं पाहिजे. मागण्या स्पष्ट लिहा: २०१८ चं शिबिर पूर्ण धरावं, कॅप्टनपदाची ज्येष्ठता १४ जुलै २०१९ पासून धरावी, मेजरपदाची तारीख त्या हिशेबाने एक वर्ष आधीची धरावी, राजपत्रात दुरुस्ती व्हावी, देय काळातल्या वेतनातला फरक द्यावा. आणि पर्यायी मागणी म्हणून एक ओळ जरूर घाला: कॅप्टनची तारीख जुनी म्हणून बदलणार नसाल, तरी मेजरच्या तारखेसाठी २०१८ चं वर्ष मोजावं. ही ओळ विसरली तर जुन्याबरोबर नवंही बुडतं.

कारण उशीर. हा विषय मी हलक्यात घेऊ शकत नाही. माझ्याकडे एक अधिकारी आले होते, शंभर टक्के बरोबर, सगळे कागद हातात. नऊ वर्षं त्यांनी कुणाला दुखवायचं नाही म्हणून विचारलं नव्हतं. प्रकरण उशिरावरच निकाली निघालं, कागद कुणी उघडलेही नाहीत. बाहेर आल्यावर ते व्हरांड्यात बराच वेळ फाइल मांडीवर घेऊन बसून राहिले. मला आजही ते दिसतं.

सर्वोच्च न्यायालयाने १९७४ मध्ये सदाशिवस्वामी प्रकरणात सांगितलं की कनिष्ठाला आपल्या डोक्यावरून बढती मिळाली असेल तर सहा महिन्यांत, फार तर वर्षभरात न्यायालयात यावं. २००८ च्या तरसेम सिंग प्रकरणात फरक केला: वेतन किंवा निवृत्तिवेतन दरमहा चुकीचं मिळत असेल तर तो चालू अन्याय, उशीर झाला तरी दाद मिळू शकते, थकबाकी मात्र साधारण तीन वर्षांपुरती; पण ज्येष्ठता-बढतीने इतरांचे ठरलेले क्रम हलत असतील तर उशीर अंगाशी येतो. आणि त्याच वर्षीच्या सी. जेकब प्रकरणात स्पष्ट केलं की जुन्या विषयावर आज अर्ज करून त्याला उत्तर मिळवलं म्हणून विषय ताजा होत नाही.

हे वाचून घाबरू नका, पण त्याप्रमाणे आखणी करा. तुमचा पाया मेजरच्या आदेशावर ठेवा, तो चार महिन्यांचा आहे. त्या आदेशाने २०१८ ची चूक नव्याने तुमच्यावर लावली आहे, असं मांडा. कॅप्टनची तारीख त्याच्या पाठोपाठ मागा, आणि मधल्या वर्षांचा हिशेब प्रामाणिकपणे द्या: कोणत्या शिबिरात कुणाला, म्हणजे कोणत्या पदावरच्या अधिकाऱ्याला विचारलं, काय सांगितलं गेलं, कोणत्या काळात बोलावणीवर होता. २०२० मध्ये कोविडने सगळं ठप्प होतं, तेही लिहा, पण २०२२ चं खापर कोविडवर फोडू नका. कुणाचा क्रम तुमच्यामुळे खाली जाणार असेल तर ती नावं ज्येष्ठता यादीतून आधीच काढून ठेवा. न्यायाधिकरणात त्यांना प्रतिवादी करावं लागू शकतं, आणि ते केलं नाही म्हणून प्रकरण अडकलेलं पाहवत नाही.

एएफटीचा कायदा २००७ चा, न्यायाधिकरण प्रत्यक्ष सुरू झालं ऑगस्ट २००९ मध्ये. बढती आणि ज्येष्ठता दोन्ही त्याच्या 'सेवाविषयक बाबीं'त येतात. कलम २१ सांगतं की आधीच्या वाटा संपवून या. तक्रारीवर सहा महिन्यांत अंतिम आदेश झाला नाही तर वाट संपली असं धरता येतं. कलम २२ सांगतं की अंतिम आदेशापासून सहा महिन्यांत या, आणि आदेशच झाला नसेल तर ते पहिले सहा महिने संपल्यापासून पुढच्या सहा महिन्यांत. पुरेसं कारण असेल तर उशीर माफ करण्याचा अधिकार न्यायाधिकरणाला आहे. तक्रार दिल्याची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहा आणि तिच्यापुढे सहा आणि बारा महिन्यांवर खूण करा. 'उत्तर येईलच' म्हणत बारा महिने ओलांडणारे लोक दरवर्षी भेटतात.

महाराष्ट्रासाठी खंडपीठ मुंबईला आहे. अर्ज कुठे करायचा हे तुम्ही सध्या कुठे तैनात आहात, शेवटी कुठे होता, किंवा घटना कुठे घडली यावर ठरतं. निवृत्त माणसाला राहत्या ठिकाणावरूनही करता येतो. तुमचं युनिट आज दुसऱ्या राज्यात असेल तर वकिलाशी हा मुद्दा आधी बोला, म्हणजे देवगिरी एक्सप्रेसच्या रात्री फुकट जाणार नाहीत. एएफटीच्या आदेशाविरुद्ध पूर्वी उच्च न्यायालयाचं दार जवळजवळ बंद झालं होतं. मार्च २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने परशोत्तम दास प्रकरणात ते पुन्हा उघडं असल्याचं सांगितलं. तिथवर जायची वेळ तुमच्यावर येऊ नये असंच मला वाटतं.

आणखी एक. आपल्याकडे काम अडलं की पाय आपोआप आमदार-खासदारांच्या वाड्याकडे वळतात. इथे ते करू नका. सैन्यात बाहेरचं वजन आणणं शिस्तीच्या विरुद्ध धरलं जातं, आणि तुमच्या स्वच्छ प्रकरणावर नको तो शेरा पडेल. अर्जाचे, ऑर्डरींचे फोटो व्हॉट्सॲपच्या गटांवरही टाकू नका.

आज संध्याकाळी घरी गेलात की कपाटातले, ट्रंकेतले सगळे कागद खाली काढा. मे आणि जून २०१८ ची मेस बिलं वेगळी काढा, कॉलेजच्या रजेचा आदेश त्यांच्या शेजारी ठेवा. उद्या कार्यालयात जाऊन मे २०१८ च्या कार्यमुक्तीच्या नोंदीची प्रत मागा, आणि त्याच दिवशी पुण्याला पगाराच्या चिठ्ठीसाठी पत्र टाका. ती चिठ्ठी हाती आली, २७ असो वा २४, की मला कळवा. अर्जाची पहिली ओळ तिच्यावरून ठरेल.